इंजेक्शननंतरची थरथर

पालीच्या उपकेंद्रातली नर्स पंचशीला स्वतःला जन्माची भित्री समजायची. शाळेत भाषणाला उभी राहिली की तळहात घामेजायचे, तोंडाला कोरड पडायची. नर्सिंगला गेली तीही वडिलांच्या, आश्रुबांच्या, हट्टापायी.

त्या सकाळी बाळांच्या लसीकरणाची तयारी चालली होती. तेवढ्यात उमाबाई नवऱ्याला, वैजिनाथला, मोटारसायकलवर मधे बसवून घेऊन आली. गाडी दीर चालवत होता. डोंगरात सीताफळं तोडताना त्याचा मोहोळाला धक्का लागला होता आणि मधमाश्या डसल्या होत्या. ओठ टरारून सुजलेले, अंगभर गांधी उठलेल्या, श्वास घेताना गळ्यात शिट्टी वाजत होती. नाडी बोटाला जेमतेम लागली.

पंचशीलाची छाती धाडधाड उडू लागली. हात मात्र आपोआप चालले. आशा कार्यकर्ती साखराबाईला तिनं रुग्णवाहिकेला फोन लावायला सांगितलं, अॅड्रेनॅलिनची कुपी फोडली आणि वैजिनाथच्या मांडीत सुई मारली.

थोड्या वेळानं शिट्टी थांबली. वैजिनाथनं छातीवर हात ठेवला. "सिस्टर, काळीज लई धडधडायलंय. हात बी कापायलेत."

"औषधाचंच आहे ते. उतरेल."

तो सावरला आणि मग पंचशीलाचेच गुडघे लटपटले. ती खुर्चीत बसली. हातातला पाण्याचा पेला हिंदकळत होता.

"तुमाला तर सुई टोचली न्हाई," उमाबाई म्हणाली. "तुमी कावून कापायलात?"

पंचशीलाला हसू आलं. "त्यांना सुईतून दिलं, तेच माझ्या अंगानं आपलं आपण सोडलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर ग्रंथी असतात. संकट दिसलं की त्या हेच रक्तात ओततात. काळीज पळतं, हातापायांत बळ येतं. काम झालं की अंग असं थरथरतं."

हे सगळं पुस्तकात वाचून ती परीक्षा पास झाली होती. तरी स्वतःच्या धडधडीला ती इतकी वर्षं भित्रेपणाच म्हणत आली होती. बोलता बोलता तिला ते पहिल्यांदा उमगलं.

वैजिनाथ उठून बसला. "आता बरं हाय की. जातो घरी. सीताफळं तशीच पडलीत."

"जायचं नाही. औषधाचा जोर ओसरला की सूज परत येऊ शकते. बीडला दवाखान्यात राहावं लागेल."

"उगं कावून..."

"गप पडून ऱ्हावा!" उमाबाई कडाडली.

रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. वाटेत पुन्हा धाप लागली तेव्हा गाडीतल्या डॉक्टरनं दुसरं इंजेक्शन दिलं. दोन दिवसांनी वैजिनाथ धडधाकट घरी परतला.

इकडे पंचशीलाला कडकडून भूक लागली होती. साखराबाईच्या डब्यातली भाकरी मागून खाल्ली, हात धुतले आणि खोळंबलेल्या बायांना ती म्हणाली, "या, कुणाचं बाळ पहिलं?"