सोनेरी कनेक्टर आणि फुसफुसणारा नळ

माझे कान फार तयार आहेत. हे माझं स्वतःचं मत आहे. घरातून त्याला दुजोरा नाही.

त्या वर्षी जायकवाडीनं तळ गाठला होता आणि आमच्या कॉलनीभोवती नव्या इमारती मात्र उगवतच होत्या. नळाला पाणी आठव्या दिवशी, तेही तासभर, आणि कधी येईल त्याचा नेम नाही. म्हणून गल्लीतले सगळे नळ उघडेच असायचे. आधी हवा फुसफुसते, मग पाणी येतं. फुसफुस ऐकली की पळायचं!

शाळेत शिकवायला निघताना बायको म्हणाली, "आज पाण्याचा दिवस आहे. तुमच्याकडं एवढं एकच काम. पिंप रिकामं आहे, आठ दिवस काढायचेत."

"तू निवांत जा गं!"

मी मुद्दाम रजा घेतली होती. (पाण्यासाठी नव्हे.) गाणी आणखी स्वच्छ ऐकू यावीत म्हणून सीडी प्लेअरची जुनी, ढिली डिजिटल पिन काढून तिथं फिरवून घट्ट बसणारा सोनेरी कनेक्टर लावायचा होता. बोट भाजलं, सतरंजीला भोक पडलं, पण कनेक्टर बसला!

आता फरक ऐकायचा. पंखा घरघरतो, बंद. फ्रिज बंद. घामाघूम होऊन डोळे मिटले. वा! गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येतोय! पण मागं ही सुरसुर कसली? सोल्डरिंग कच्चं राहिलं? पुन्हा उकललं, पुन्हा डाग दिला. (दुसरं बोट!) सुरसुर कायम. शेवटी कान लावत लावत स्वयंपाकघरात पोचलो, तर काय, आवाज नळाचा! कनेक्टर निर्दोष! इतकं हायसं वाटलं की काय सांगू. मी नळ करकचून बंद केला आणि आवाज वाढवून बसलो.

संध्याकाळी बायको आली. "किती भरलं?"

मी उत्तर देण्याआधीच कुंपणापलीकडून शेजारच्या रेहाना आपांनी दिलं. "पानी तो कब का आके गया, भाईसाब! पूरी गल्ली चिल्लाई, आपको सुनाई नई दिया?"

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रिकाम्या पिंपाला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "दमले हो मी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आपांनी कुंपणावरून चार हंडे बायकोच्या हातात दिले. "बाजी, फिकर नको करो. अपन बाँट के पियेंगे."

बायकोनं लगेच वाटणी केली. आंघोळीला तिला रोज चार तांबे, मला एक. त्या तांब्याभर पाण्यात आंघोळ करताना मात्र मला थेंब न थेंब स्वच्छ ऐकू यायचा, तोही कुठलाच कनेक्टर न बदलता!