हमदीचा याखूया

सोमवारी कॉलेजच्या लायब्ररीत एका मुलीने मला रडवलं... आणि तिचा त्यात काही दोष नव्हता.

आधी थोडं मागचं सांगते. माझा धाकटा भाऊ विनू कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. होळीच्या सुमारास झोपेतच गेला... मिरजेला सगळं पार पडलं आणि त्याचा फोन माझ्याबरोबर इथे जयपूरला आला. आईला तो समोर बघवेना.

फोन मी चार्ज करत राहिले. का, ते विचारू नका. आमच्या ह्यांनीही एकदाच विचारलं, मग ऑफिसातून आले की तेच चार्जिंगला लावायला लागले.

त्या फोनवर एका माणसाचे व्हॉइस मेसेज यायचे. हमदी... विनूचा कुवेतमधला जुना रूममेट, इजिप्तचा. विनू जायच्या बरंच आधी तो काम सोडून गावी परत गेला होता. मला अरबी ओ की ठो कळत नाही, पण प्रत्येक मेसेजमध्ये एक शब्द हमखास असायचा, याखूया. तेवढा मला ठाऊक होता.

विनूनेच शिकवला होता. पुस्तकातल्या अरबीत भाऊ म्हणजे अख. पण कुवेती माणूस खूय म्हणणार, लेबनॉनचा खय्यी, मोरोक्कोचा खूया... आणि हमदी तर वाक्यावाक्याला याखूया. विनू म्हणायचा, आपल्या मिरजेत कसं, ओळख ना पाळख आणि 'काय भावा', तसंच आहे इथे. फक्त प्रत्येक देशाचा भावा वेगळा.

तर हा भला माणूस भाऊ भाऊ करत हळहळतोय, असं मी धरून चालले. विनूच्या बाकी सगळ्या मित्रांचे सांत्वनाचे मेसेज आलेच होते. आणि सांत्वनाला आपण काय उत्तर देतो? हात जोडतो... मीही विनूच्या फोनवरून दर वेळी जोडलेल्या हातांचा इमोजी पाठवत गेले.

मेसेज मात्र थांबेनात. दुखवटा किती दिवस पाळतात यांच्यात, असं वाटायला लागलं. त्यात त्याचा आवाजही जरा चिडका, मग पडेल असा झाला होता... म्हणून सोमवारी हिबाला गाठलं. हिबा सुदानची, मी नोकरीला आहे त्या सीतापुऱ्याच्या कॉलेजात फार्मसी शिकते. जयपूरच्या उन्हाला कुणी नावं ठेवली की तिला हसू येतं.

तिने इयरफोन लावून एक मेसेज ऐकला, दुसरा ऐकला... तिसऱ्याला तिचा चेहरा बदलला. इयरफोन काढून टेबलावर ठेवले.

"मॅम, इनको पता नहीं है."

"क्या पता नहीं है?"

"कि भैया नहीं रहे. ये तो उन्हीं से बात कर रहे हैं."

मग तिने एकेक सांगितलं. नाराज आहेस का भावा? बोलत का नाहीस, नुसते हात काय जोडतोस? पोरीचं लग्न ठरलंय, तू येणार म्हणाला होतास, गच्चीवर तुझी खाट टाकून ठेवतो... शेवटच्या मेसेजमध्ये तर, माझं काही चुकलं असेल तर माफ कर, असं म्हणत होता.

माझे हात विनूचे समजून हा माणूस इतके महिने विनूशी बोलत होता. आणि आता त्याला खरं सांगणं माझ्याच कपाळी आलं होतं.

खरं सांगू? क्षणभर वाटलं, नकोच सांगायला. जगाच्या पाठीवर एका तरी घरात माझा भाऊ अजून आहे... रुसलेला का होईना, पण आहे. तिथूनही त्याला मीच काढायचं?

पण तो माफी मागत होता हो. न केलेल्या चुकीची. ते काही मला सहन होईना.

हिबा म्हणाली, मी अरबीत लिहून देते. मी म्हटलं, नको, फोन लाव. विनूच्या फोनवरून लावला असता तर विनूचंच नाव बघून बिचाऱ्याने आनंदाने उचलला असता... म्हणून माझ्या फोनवरून लावला.

मी कोण ते हिबाने सांगितलं. इजिप्तमध्ये कुणी गेल्याचं तोंडावर सांगत नाहीत म्हणे. गेलेल्या माणसाची चौकशी झाली, की 'तुम्ही जगा' एवढंच म्हणायचं, ऐकणारा समजतो. हिबाला हे तिकडच्या सिरियल बघून माहीत. हमदीने घाईघाईने विनू कसा आहे विचारलं... आणि तिने तेवढंच म्हटलं.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग तो रडायला लागला, मोठ्याने, कुणाची भीडभाड न ठेवता... याखूया, याखूया. मला इतक्या महिन्यांत असं रडता आलं नव्हतं. ते सोमवारी, 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसून आलं.

जरा सावरल्यावर तो माझ्याशी बोलला. हिबाने सांगितलं, त्यांच्याकडे म्हणतात, त्याचं उरलेलं आयुष्य तुमच्या आयुष्यात जमा होवो. विनूचं उरलेलं... केवढं तरी उरलं होतं.

वाक्याच्या शेवटी एक शब्द होता, तो मात्र हिबालाही कळला नाही. मला कळला. तो म्हणत होता, ताई.

सुट्टीच्या दिवशी विनू त्यांच्या खोलीतून मला फोन करायचा, तेव्हा हमदीने ऐकलेला. त्याला वाटतंय, माझं नावच ताई आहे.

ते माझं नाव नाही, हे मी त्याला सांगितलं नाही... मला ताई म्हणणारा एकच होता.