भावाच्या नावाचं बोलावणं

माझ्या थोरल्या भावाने एका रंगाच्या कंपनीचे शेअर घेतले, तेव्हा शेअर म्हणजे काय हे वटार गावातल्या आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. नव्या कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा इथल्या लोकांना विकावा लागला, ते दिवस. मुंबईत फोर्टातल्या त्याच्या ऑफिसात सगळ्यांनी अर्ज भरले, त्यानेही भरला. सकाळी चहा घेताना तो पेपरातला भावांचा रकाना बघायचा आणि स्वयंपाकघराकडे ओरडायचा, "आई, आज वर!" आईला वाचता येत नव्हतं, त्यातलं काही कळतही नव्हतं. पण वर म्हटलं की ती हसायची.

एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग हॉस्पिटल. तिथून तो परत आला नाही. मातीच्या वेळी आई रडली नाही. नुसती उभी होती.

चर्चमध्ये त्याच्यासाठी महिन्याची मिस्सा-प्रार्थना झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पेपर माझ्यापुढे ठेवला.

"त्याचा काय भाव आहे बघ."

मला वाटलं, विकायचा विचार असेल. तसं विचारलं, तर ती दचकलीच. "विकायचं काय? तू नुसतं वाच."

त्या दिवसापासून शाळेत शिकवायला जाण्यापूर्वी मी रोज वाचायचे. आई कधी 'शेअरचा भाव' म्हणाली नाही. 'त्याचा' म्हणायची. भाव उतरला की दिवसभर गप्प, तापलेल्या पोराच्या उशाशी बसल्यासारखी. चढला की जेवायची नीट. हळूहळू मलाही तसंच व्हायला लागलं.

काका म्हणाले, "शेअरचे कागद पोरीच्या नावावर करून घ्या."

आई म्हणाली, "चर्चच्या वहीत तो गेला म्हणून लिहिलं. रेशनकार्डावरून काढला. एवढी एक जागा राहिली आहे त्याला. असू दे तिथे."

कंपनीला काहीच कळवलेलं नव्हतं. त्यामुळे पुढच्या वर्षी सभासदांच्या सभेचं बोलावणं त्याच्या नावाने आलं. मी ते वाचून दाखवलं आणि आईने ठेवणीतलं लाल लुगडं काढलं.

"त्याला बोलावलं आहे. कुणीतरी जायला हवं."

मुंबईत हॉलच्या दारात एका माणसाने चिठ्ठी बघितली. "सभासद कोण?"

"माझा मुलगा," आई म्हणाली.

"ते येतायत का?"

"तुम्हीच बोलावलंत ना?"

माझ्याकडे बघून त्याला काय कळलं कोण जाणे. त्याने आम्हाला आत सोडलं. आई बसली, मधली खुर्ची रिकामी ठेवून मला पलीकडे बसवलं. कुणी विचारलं तर ती खुर्चीवर हात ठेवायची.

भाषण सुरू होण्याआधी अध्यक्ष इंग्रजीत काही बोलले आणि अख्खा हॉल उभा राहिला. पंखे तेवढे फिरत होते.

"काय झालं?" आईने हळूच विचारलं.

"वर्षभरात त्यांचं कुणीतरी वारलं आहे. त्यासाठी."

तीही उठली. सुटाबुटातली एवढी माणसं मान खाली घालून उभी होती, आणि त्यांच्यामध्ये माझी आई हुंदके देऊन रडायला लागली. सगळे बसले तरी ती उभीच. मी तिला ओढून बसवलं नाही.

नफ्याचे आकडे आम्ही ऐकले नाहीत. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "घे बदलून नाव."

मृत्यूचा दाखला जोडून मी कागद पाठवले. पुष्कळ दिवसांनी ते परत आले. आईने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ह्यात तो कुठे आहे?"

"आता नाही, आई."

"मग कोण आहे?"

"मी."

तिने कागद खाली ठेवला. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तू जप हां स्वतःला."