दादाचा करदोडा

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, मनोरुग्णांच्या बंद वॉर्डात ठेवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, कुणावर हात उगारला नाही तर लवकरच केदारखेड्याला घरी सोडू. दादा तसा गरीब माणूस. आजार भरात असतानाही तो भिंतीशी भांडायचा, पण माणसाला कधी बोट लावलं नाही. मी जुन्या जालन्याला सासरी. आईला फोनवर सांगितलं, "आता आलाच समज."

आणि आठच दिवसांत दवाखान्यातून बोलावणं आलं. तुमच्या पेशंटनं वॉर्डबॉयचं नाक फोडलं.

डॉक्टर म्हणाले, "आजारच तसा. त्याला कारण लागत नाही."

"साहेब, कारण नसताना आमचा बैलसुद्धा शिंग मारत न्हाई."

ते हसले. खेडवळ बाई वाटली असेल. मी सरळ त्या वॉर्डबॉयलाच गाठलं. चाळिशीचा बाप्या, आमच्याच भागातला, हसनाबादचा. नाकावर पट्टी. म्हणाला, "काही न्हाई ताई, दोघं मिळून आंघोळ घालून राह्यलो होतो. कमरेचा करदोडा कापला फक्त. दोरी-बिरी आत चालत न्हाई."

फक्त म्हणे! अरे, पुरुषाचा करदोडा कधी कापतात? मढ्याला आंघोळ घातल्यावर. जित्या माणसाचा जुना झाला तर आधी नवा बांधतात, मंग जुना तोडतात. कंबर घडीभरही मोकळी ठेवत नाहीत. हसनाबादच्या माणसाला हे मी शिकवायचं?

"ठावं हाय ताई," तो खाली बघत म्हणाला, "पण ड्युटीवर ते डोक्यात येत न्हाई." आणि त्याच्या स्वतःच्या कमरेला करदोडा असणारच की!

दादाला उघडा केला, अंगावर पाणी ओतलं, दोघांनी धरून कात्री लावली. जिवंतपणी तिरडीची तयारी चाललेली बघून कोण गप बसेल? मी तर चावले असते.

डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

"असू द्या नियम. पण कापायच्या आधी त्याला एका शब्दानं सांगितलं का? विचारलं का?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चावी त्यांच्या हातात. दादा हिंसक ठरला, गोळ्या वाढल्या, घरी सोडणं लांबलं.

दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा फोन आला. खूप सुधारणा आहे, घेऊन जा. आईनं पुरण घातलं आणि मी दादाला आणायला गेले.

दादा बाकावर बसला होता. दाढी केलेली, धुतलेले कपडे. डॉक्टर कौतुकानं म्हणाले, "बघा, आता बसवलं तिथं बसतात. कुणाला त्रास नाही."

मी शेजारी बसले, त्याचा हात हातात घेतला. "दादा, घरी चल. आई वाट बघून राह्यली."

त्यानं मायेनं माझ्याकडं पाहिलं. मंग हळूच विचारलं, "बाई, माझा दहावा बराबर झाला ना? कावळा लवकर शिवला का?"