मधू खांबेटे ठरावाच्या बाजूने

कोलोनच्या मराठी मंडळींत मधू खांबेटे दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. एक म्हणजे त्याच्या खिडकीतला कढीपत्ता, जो जर्मन थंडीला न जुमानता सतरा वर्षं तग धरून होता. आणि दुसरी म्हणजे अणुबॉम्ब. कढीपत्ता तो मागितल्यावर द्यायचा. अणुबॉम्ब न मागता.

झालं होतं असं की, १९८८ साली पुण्यात त्याने आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचा करंडक मारला होता. ठराव होता, ‘महायुद्ध संपवण्यासाठी अणुबॉम्बचा वापर योग्यच होता’, आणि मधू ठरावाच्या बाजूने बोलला होता. पुढे तो इंजिनियर झाला, जर्मनीत आला, एका विमा कंपनीत माणसांच्या मरणाचे धोके टक्क्यांत मांडणारं सॉफ्टवेअर लिहू लागला. डोक्यावरचे केस गेले, पण करंडक काही डोक्यातून उतरला नाही. कुणाकडे जेवायला गेलं आणि कुणी चुकून युद्धाचा विषय काढला की मधू दोन्ही तळहात पुढे करायचा: एकावर बॉम्बने मेलेले, दुसऱ्यावर युद्ध लांबलं असतं तर मेले असते ते. “या हातात एक लाख. या हातात दहा लाख. यातलं लहान कुठलं, हे सांगायला विवेक कशाला? वजाबाकी पुरते!” मग टाळ्यांसाठी तो तीन सेकंद थांबायचा. त्याची बायको नीलिमा नेमकी त्याच वेळी भात झालाय का ते बघायला उठायची.

यंदा मंडळाने गणपतीत वादविवाद स्पर्धा ठेवली. महायुद्ध संपून ऐंशी वर्षं झाली म्हणून विषयही तोच निघाला. मधूने आठ दिवस आरशासमोर तालीम केली. समोर ऋचा होती, ब्राउनश्वाइगला पीएच.डी. करणारी मुलगी. “पोर हुशार आहे,” मधू म्हणाला, “पण सभा जिंकण्याचं अंग नाही तिच्यात.”

आणि शुक्रवारी मधूच्या घरामागे, तीन-चार गल्ल्या सोडून, एका इमारतीचा पाया खणताना बॉम्ब निघाला. खराखुरा. पाचशे किलोचा, महायुद्धातला, इतकी वर्षं मातीखाली पडून राहिलेला. या शहरात त्याचं फारसं अप्रूप नाही. वर्षातून अनेकदा निघतात. पालिकेने पत्रकं वाटली: रविवारी सकाळी नऊच्या आत सहा हजार लोकांनी घरं सोडायची, त्यानंतर बॉम्ब निकामी करणार. ज्यांना चालवत नाही त्यांनी शनिवारी दुपारपर्यंत फोन करावा, गाडी येईल.

चालवत नव्हतं ते मधूच्या आईला. सुधाताई शहाऐंशी वर्षांच्या, तीन महिन्यांसाठी आलेल्या. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली उतरायचं तर अर्धा तास आणि मध्ये दोनदा बसणं. नीलिमाने चार वेळा आठवण करून दिली, “अहो, फोन केलात का?” मधूने केला नाही. घरासमोर अ‍ॅम्ब्युलन्स उभी राहणार, शेजारी विचारणार, कशाला तो तमाशा? “मी सोडतो तिला मंडळातल्या शमिकाकडे,” असं त्याने सांगून टाकलं, आणि नीलिमा मोदकांचे डबे घेऊन सकाळीच ऱ्हाइनच्या पलीकडच्या सभागृहात गेली.

ती गेल्यावर मधूने घड्याळ पाहिलं, जिना पाहिला आणि धंद्यातलं डोकं चालवलं. पत्रकातल्या नकाशात धोक्याची रेषा त्यांच्याच फुटपाथवरून जात होती. म्हणजे पलीकडची बाजू सुरक्षित आणि अलीकडची नाही, असं थोडंच असतं? असले बॉम्ब निकामी करताना फुटतात तरी किती? शेकडा एकसुद्धा नाही. त्यातून आईची खोली मागच्या बाजूची नव्हे, रस्त्याकडची. “आई, तू इथेच पडून राहा. दार वाजलं तर उघडू नकोस. दिवा लावू नकोस.” सुधाताई म्हणाल्या, “बरं.” मधूला हायसं वाटलं. माणूस वाईट नव्हता हो. हिशेब नीट जमला की त्याला झोप लागायची, एवढंच.

स्पर्धा दुपारी एकला सुरू झाली. निम्मे श्रोते घरं सोडून आलेले, त्यामुळे सगळ्यांचे डोळे मोबाइलवर. बॉम्बचं काम अकरालाच सुरू व्हायचं होतं, अजून झालं नव्हतं. कुणीतरी घरात सापडलंय, अशी बातमी आली. “काय मूर्ख लोक असतात!” परीक्षक म्हणाले, आणि मधूने जोरात मान डोलावली.

ऋचा साधं बोलली. जपान तेव्हा तसाही खचला होता, तहाचा दुसरा मार्ग नीट चाचपला नाही, आणि बॉम्बमुळे लाखो जीव वाचले हे मोठाले आकडे युद्धानंतर पुढे आले, असं ती म्हणाली. “आणि एवढं करून,” ती म्हणाली, “वजाबाकीत ज्यांना धरलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.” टाळ्या बेताच्याच पडल्या. मधू उठला. आवाज अजून खणखणीत होता. चार मिनिटांत त्याने सभा खिशात घातली आणि दोन्ही तळहात पुढे केले. “या हातात एक लाख...”

तेवढ्यात नीलिमा व्यासपीठावर चढली. चेहरा पांढराफटक. तिने त्याच्या त्या पुढे केलेल्या हातात फोन ठेवला आणि म्हणाली, “बोला.”

पालिकेची बाई होती. घरं तपासणाऱ्यांनी बेल वाजवली, तर त्याच्या आईने दार उघडलं होतं. दारात माणसं आलेली आणि दार उघडायचं नाही, हे सुधाताईंच्याने होईना. चहा घ्या म्हणून तपासणाऱ्यांना त्यांनी बसवूनही घेतलं होतं. आता सुधाताईंना उतरवायला गाडी हवी, ती दीड तासाने मिळणार. तोवर काम बंद.

सभागृह बघत होतं. मधू ओशाळला, आणि ओशाळलेला माणूस करतो तेच त्याने केलं. होतं ते शहाणपण पुढे केलं. “आल्झो, हे बघा, ती खोली रस्त्याकडची आहे,” तो जर्मनमध्ये म्हणाला. “धोका अगदी नगण्य आहे. सहा हजार लोक ताटकळलेत. तिला राहू दे आत, तुम्ही सुरू करा.”

माइक चालू होता. सभागृहात जर्मन न कळणारं कुणी नव्हतं.

“सहा हजार लोक थांबतील,” बाई म्हणाली. “आत माणूस असताना आम्ही बॉम्बला हात लावत नाही.”

“एका माणसासाठी?”

“गेनाऊ. अगदी बरोबर, एका माणसासाठी.” गाडी कुठे लावू नये हे सांगावं, इतक्या सहज ती म्हणाली.

मधूने फोन ठेवला. परीक्षकांनी हळूच सांगितलं की त्याचं अजून एक मिनिट शिल्लक आहे. नीलिमा केव्हाच दाराकडे निघाली होती. तोही तिच्यामागे धावला.

रस्त्यावर लाल-पांढऱ्या पट्टीपुढे कुणालाच सोडत नव्हते. कुत्री, बाळं, थर्मास घेऊन शेजारी उभे होते आणि कोण ते गाढव, असं एकमेकांना विचारत होते. मधूलाही विचारलं. तो “हो ना, हो ना” म्हणत मान हलवत राहिला. अखेर चार धिप्पाड माणसांनी खुर्चीत बसवलेल्या सुधाताईंना बाहेर आणलं. गर्दीत वाट झाली, कुणीतरी आपल्या अंगावरचं जाकीट काढून त्यांच्या पायांवर टाकलं. मधूला रडू फुटलं. शरमेचं होतं, पण आई सुखरूप आहे याचंही होतं.

घरं सोडलेल्यांची सोय जवळच्या एका शाळेच्या सभागृहात केली होती. नीलिमा सासूबाईंसाठी पाणी आणायला गेली.

“एवढे सगळे माझ्यासाठी थांबले होते?” सुधाताईंनी विचारलं.

“हो.”

“जिंकलास का?”

“नाही. आई, मी तुला तिथे ठेवून गेलो. चुकलं माझं.”

सुधाताईंनी पायांवरच्या जाकिटाची घडी घातली. मग म्हणाल्या, “कॉलेजात असताना ते भाषण तू माझ्यासमोरच पाठ केलं होतंस. मी स्वयंपाक करायचे आणि तू ते हात पुढे करायचास. तेव्हाच मनात आलं होतं, त्या लहान आकड्याच्या हातात कुणाची तरी आई असेल. पण म्हटलं, पोराला बक्षीस मिळतंय, मध्ये कशाला बोला?”

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून काम झाल्याचं सांगितलं गेलं. सहा हजार लोक घरी जायला उठले. सुधाताईंनी त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, “चल, आता मला वर चढव. कितीही वेळ लागू दे.”