दोनशे चौदा शेपटं

लेकीने शाळेतून आणलेला कागद टोकदारबाईंनी भाजी निवडता निवडता हातात घेतला, आणि भाजी तशीच राहिली.

शाळेमागे नवं सभागृह होणार, त्यासाठी डोंगराचा पायथा कापणार, असं त्या कागदावर लिहिलं होतं. पालकांची खात्री पटावी म्हणून खाली भूगर्भाचा नवा नकाशाही छापला होता. "तुझ्या ऑफिसचा आहे ना, म्हणून आणला," लेक म्हणाली. ती त्याच शाळेत शिकवायची. तिचा वर्ग मागच्या अंगाला, खिडकी डोंगराकडे उघडणारी, आणि वर्गात अडतीस मुलं.

टोकदारबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. भूगर्भाच्या कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी हाताने नकाशे काढले. निब टोकदार, जीभ त्याहून टोकदार, म्हणून कोणीतरी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, निब वाळली, जीभ काही बोथट झाली नाही.

"चष्मा दे," त्या म्हणाल्या. चष्मा चढवला, कागद खिडकीपाशी नेला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता हा नकाशा वाचणं म्हणजे काही फार मोठी विद्या नाही. रंग सांगतो कुठे कुठला दगड आहे. पण दगडाचे थर कुठे कलले आहेत हे रंगाला सांगता येत नाही. त्यासाठी एक बारीक खूण असते: एक छोटी रेघ आणि तिला एका बाजूला फुटलेलं शेपूट. शेपूट ज्या बाजूला, त्या बाजूला थर उतरलेले. शेजारी आकडा असतो, उतार किती ते सांगणारा. झालं, एवढंच. पण ती एकेक खूण उगाच पडत नाही. कचेरीत एक सर्वेक्षक होते, सगळे त्यांना चालते साहेब म्हणत. चार वर्षं ते तो डोंगर पायी फिरले. प्रत्येक ठिकाणी गुडघा टेकला, दगडाला होकायंत्र लावलं, वहीत लिहिलं, आणि ती वही समोर ठेवून टोकदारबाईंनी एकेक शेपूट आपल्या हाताने काढलं. दोनशे चौदा. चालते साहेब आता नाहीत. शेवटी शेवटी त्यांना जिना चढवत नव्हता, गुडघे गेले होते.

नव्या नकाशात आकडे सगळे बरोबर होते. पण दोनशे चौदाच्या दोनशे चौदा रेघा एकजात आडव्या, आणि शेपटं सगळी खाली, दक्षिणेला. डोंगर नसून जणू कवायतीचं मैदान. शाळा उत्तरेच्या पायथ्याशी. म्हणजे या नकाशाप्रमाणे थर शाळेपासून दूर, डोंगराच्या पोटात उतरत होते; पायथा खुशाल कापा, काही होणार नाही. आणि खरे थर उतरत होते सरळ शाळेच्या अंगावर. पायथ्याने वरच्या थरांना अडवून धरलं होतं, आणि तोच कापायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी बाई दारात उभ्या. मुख्य साहेब आले. हेच साहेब नवे लागले तेव्हा नकाशा उलटा धरून वाचत होते, आणि तो सरळ बाईंनीच करून दिला होता.

"मावशी, नकाशा मंजूर झालाय," साहेब म्हणाले.

"कोणाकडून? डोंगराकडून?"

साहेबांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो बिचारा प्रामाणिक निघाला. जुना नकाशा कॉम्प्युटरवर उतरवताना प्रत्येक खुणेसाठी दिशेचा एक रकाना भरायचा असतो, तो रिकामाच राहिला असणार, म्हणाला. रकाना रिकामा असला की सगळी शेपटं आपोआप खाली.

"दोनशे चौदा ठिकाणी राहिला? आणि तपासणाऱ्याला एकदाही वाटलं नाही, की अख्खा डोंगर एकाच बाजूला कसा कललाय?"

"इतकं बारीक कोण बघतं, मावशी," साहेब म्हणाले.

हे मात्र बाईंच्या जिव्हारी लागलं. एक माणूस गुडघे झिजवून गेला, आपण डोळ्यांत तेल घालून रेघा ओढल्या, आणि ज्याच्या सहीने डोंगर कापला जाणार तो म्हणतो, बारीक कोण बघतं. त्यांनी मान वर केली. साहेबांच्या खुर्चीमागे, भिंतीची शोभा म्हणून काचेच्या चौकटीत, त्यांच्या हाताचा मूळ नकाशा लटकत होता. नऊ वर्षं साहेब त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

बाईंनी तो उतरवून टेबलावर ठेवला. शाळेमागची सगळी शेपटं शाळेकडे, आकडा चौतीस. साहेबांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "शुद्धिपत्रक काढू. रीतसर. दोनेक महिने लागतील."

"आणि खोदाई?"

"ती काल शाळा सुटल्यावर सुरू झाली."

बाईंनी चौकट काखेत मारली आणि त्या चालू लागल्या.

"मावशी, ती ऑफिसची मालमत्ता आहे."

"मग या मागून."

शाळेमागे खोदयंत्र धडधडत होतं. चालवणारा पन्नाशीचा, अंगावर धूळ. बाईंनी हात करून त्याला थांबवलं आणि चौकट दाखवली. त्याला नकाशा काही कळेना. मग त्यांनी तळहात तिरका धरून दाखवला: दगड असे, शाळा इकडे, आणि तुम्ही कापताय ते इथे.

"कालपासून वरच्या लाद्या आपोआप सुटून येताहेत," तो म्हणाला. "मी हातही लावला नव्हता. ठेकेदाराला सांगितलं, तर म्हणाले नकाशा बघितलाय, तू तुझं काम कर." त्याने यंत्र बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. "कोणी विचारलं तर काय सांगू? यंत्र तर ठीक आहे."

"सांगा, नकाशा बिघडलाय."

तेवढ्यात साहेब धापा टाकत पोचले, बरोबर कॉम्प्युटरवाला. बाईंनी साहेबांपुढे पिशवीतलं होकायंत्र धरलं. चालत्या साहेबांनी निवृत्त होताना ते त्यांना दिलं होतं. "लावा दगडाला."

खिडकीत लेक उभी होती, तिच्यामागे मुलांची डोकी. साहेबांनी पॅण्ट वर ओढली, गुडघा टेकला, ताज्या कापलेल्या दगडाला होकायंत्र लावलं. वाचलं. परत लावलं. मग कॉम्प्युटरवाल्याला म्हणाले, "शाळेतल्या फोनवरून कळव. काम बंद. आणि मागचे वर्ग आजच रिकामे करायला सांग."

ते उठायला गेले, पण गुडघ्याने दगा दिला. त्यांनी आधारासाठी बाईंकडे हात केला. बाईंचे दोन्ही हात नकाशा धरण्यात गुंतले होते, आणि त्यांनी ते मोकळे केले नाहीत.

"अजून दोनशे तेरा राहिलेत," त्या म्हणाल्या.