कमरेएवढ्या उंचीवरचा आरसा

आमच्या न्हाणीघरात कमरेएवढ्या उंचीवर एक आरसा टांगलेला आहे. नवा माणूस हात धुवायला आत गेला की बाहेर येऊन विचारतो, "घरात लहान मूल आहे का?" नाही. मी एकटा राहतो. भिंत कच्ची आहे, वर खिळा टिकत नाही, असं काहीतरी सांगून मी चहा ठेवायला उठतो. खरं अजून कुणाला सांगितलेलं नाही. लिहितानाही हात थांबतो आहे.

आरसा अब्बांचा, माझ्या वडिलांचा. पाथर्डीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. जूनमध्ये शाळेचे गणवेश, दसऱ्याच्या आधी ऊसतोडीला निघणाऱ्यांचे सदरे आणि परकर. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. आई गेल्यानंतर घरात आम्ही दोघंच उरलो. घरी आम्ही दखनी बोलायचो. इथे त्यांचं बोलणं मराठीत मांडतो, गिऱ्हाइकांशी ते बोलायचे तसं.

आयुष्यभर पांढरा पायजमा घालणाऱ्या या माणसाने एका उन्हाळ्यात स्वतःसाठी गडद निळे पायजमे शिवले. मला वाटलं, धुवायला सोपे म्हणून. शौचातून रक्त जात होतं, हे त्यांनी पुढचे कित्येक महिने सांगितलं नाही. सांगितलं तेही मूळव्याध म्हणून. मीही लगेच मान्य केलं, कारण त्या विषयावर बापलेकांनी आणखी बोलायला नको होतं. नगरला नेलं तोवर मोठ्या आतड्याच्या शेवटी गाठ चांगलीच वाढली होती.

ऑपरेशन झालं. गुदद्वार कायमचं बंद केलं, आतड्याचं टोक पोटावर डावीकडे बाहेर काढलं आणि त्यावर पिशवी लावली. दवाखान्यातून घरी आल्यावर अब्बा म्हणाले, "आता मला नीट समजावून सांग. डॉक्टर लई घाईत हुता." मी त्यांच्याच दुकानातला बेतायचा खाकी कागद घेतला आणि शाळेत पाठ केलेली पचनसंस्थेची आकृती काढली. अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं. आकृती काढायला मला काही वाटलं नाही. कागदावरच्या आतड्याला वास नसतो.

त्यांनी चष्मा लावून कागद फिरवून पाहिला. "म्हंजी खालचं शिवून टाकलं आन बाजूला खिसा लावला."

"तसंच."

"खिसा डावीकडंच का पन?"

"मोठं आतडं शेवटी डाव्या बाजूने उतरतं."

"मग बराबर हाय. सदऱ्याचा खिसा बी डावीकडंच असतो." मग पोटावरच्या टाक्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "ह्यो डॉक्टर माझ्या दुकानात शिकाय आला असता तर आठ दिसांत हाकलला असता."

तेव्हापासून घरात त्या पिशवीचं नाव खिसा पडलं.

पिशव्या आणायचं काम माझं. गावातल्या औषधाच्या दुकानात मागायची हिंमत झाली नाही. ग्रंथालयाच्या कामाने नगरला गेलो की तिथून आणायचो आणि एसटीत मांडीवर पुस्तकांच्या खाली ठेवायचो. बदलायचं ते स्वतःच बदलायचे. वरून नीट दिसत नाही म्हणून एकदा त्यांनी मला आरसा धरायला बोलावलं. मी आरसा त्यांच्या पोटासमोर धरला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. श्वास रोखून धरला होता. थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला. आरसा माझ्या हातात तिरका झाला होता. त्यात त्यांना पोटाऐवजी माझं तोंड दिसत होतं.

"ठेव तो," ते म्हणाले. "जा तू, वाच जा."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तर आरसा खिळ्याला टांगलेला होता, कमरेएवढ्या उंचीवर. त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही.

जखम भरली, दुकान सुरू झालं. मशिदीत मात्र ते जाईनात. खिशावर ताबा नसतो. मधेच वारा सुटतो, आवाज होतो. घरात रेडिओ मोठा करता येतो, नमाजात काय करणार? शिवाय वुजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन होणारी शुद्धी, टिकत नाही, ही भीती. मी इमामसाहेबांना जाऊन विचारलं, पण माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचा प्रश्न म्हणून. ते म्हणाले, जे माणसाच्या हातात नाही त्याचा दोष नाही. दर नमाजाच्या वेळेला नव्याने वुजू करावी, नीट बंदोबस्त करून यावं. मी उठलो तेव्हा हसून पुढे म्हणाले, "आणि त्या गृहस्थांना सांगा, स्वतः विचारायला आलात तरी मी खाऊन टाकणार नाही."

अब्बा जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजाला, जाऊ लागले. पुढून तिसऱ्या रांगेत खांबाजवळ उभे राहायचे. मी कॉलेजातून उशीर होतो असं सांगून शेवटच्या रांगेत थांबायचो. उशीर होत नव्हता. तो आवाज आलाच तर लोक माझ्याकडेही बघतील, एवढीच भीती होती.

त्यांच्या डाव्या बाजूला पिंजारी चाचा असत. गाद्या भरण्याचं त्यांचं दुकान अब्बांच्या दुकानासमोर होतं. या चाचांना नमाजात भयंकर खोकला यायचा. लोक वैतागायचे. "चाचा, घरी खोकून येत जा की," असं एकाने तोंडावर सुनावलं. चाचा म्हणाले, "कापसाची धूळ हाय बाबा, छातीत बसलीय. तुज्या गादीची बी आसंल त्यात." मी फुप्फुसांच्या विकारांवरचं पुस्तक काढून त्यांना बिडी आणि धुळीवर भाषण दिलं आणि नगरला नेऊन छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. "मग खोकला कशाचा?" मी विचारलं. चाचा म्हणाले, "सवयीचा." माझी मेहनत वाया गेली याचा मला थोडा रागच आला.

दुखणं परत उलटलं तेव्हा अब्बांनी दवाखान्याला नाही म्हटलं. एका दुपारी मला जवळ बसवून घेतलं. मयताला अंघोळ घालतात, त्या गुसलबद्दल ते बोलत होते. "मोहल्ल्यातली मानसं येतील. त्यांना खिसा दिसता कामा नये. आजवर झाकलाय, त्या तख्तावर उघडा नको. तू काढ." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जमंल का?"

मी हो म्हणालो. दोघांनाही माझी खात्री नव्हती.

ते थंडीत, सकाळी गेले. अंगणात पडदा लावला, पाण्यात बोरीची पानं उकळली, अंघोळ घालायचं तख्त आलं. नाभीपासून गुडघ्यापर्यंत चादर घातली. चारपाच माणसं बाह्या वर करून उभी होती. मी म्हणालो, गुसल मी एकटाच देतो. एकट्याने मयत कुशीवर कसं वळवणार, असं सगळेच बोलू लागले. तेवढ्यात पिंजारी चाचा काखेत कापसाची गुंडाळी घेऊन आत आले.

"चला, समदे भायेर व्हा. अंगन केवडं, मानसं केवडी! मी आन पोरगा बास."

पडदा पडला. चाचांनी कापसाचा मोठा पेळू तोडून माझ्याकडे धरला. "डाव्या अंगाला ज्यादा लागंल. आदी त्ये काढ, मग कापूस दाब."

"चाचा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"बाजूला हुबा ऱ्हानाऱ्याला कळत न्हाई व्हय?" ते म्हणाले. "हात चालव. पानी निवतंय."

हाताला कापड गुंडाळून मी हात चादरीखाली घातला. चादरीखालचं बघायचं नसतं, स्पर्शानेच धुवायचं, असा नियम आहे. जे मी त्यांच्या जिवंतपणी पाहू शकलो नाही, ते त्या दिवशी पाहायला मनाईच होती. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच आजवर सगळ्यात जास्त लाज वाटते. बोटांना पिशवीची कड लागली, ती मी सावकाश सोडवली. खाली मऊ, ओलसर, लहानसं काहीतरी होतं. त्यावर कापूस दाबून धरला. चाचा पाणी ओतत होते. अब्बांचं ते अंग कसं दिसत होतं, मला अजूनही माहीत नाही.

सगळं आटोपल्यावर मी विचारलं, "आणि चाचा, तो खोकला?"

ते हात धूत होते. "आता बरा हुईल," म्हणाले.

पुढच्या जुम्म्याला मी वेळेवर गेलो. तिसऱ्या रांगेत खांबाजवळची जागा मोकळी होती. मी तिथे उभा राहिलो, पण चाचांच्या आणि माझ्या मध्ये चार बोटं अंतर सवयीनेच राहिलं. त्यांनी समोर बघतच माझी बाही ओढली.

"सरक. मदी जागा ठिवू ने."

मी सरकलो. नमाज सुरू झाला. शेवटपर्यंत चाचा एकदाही खोकले नाहीत.